आधी पत्ता विचार

ठाणे, मंगळवार

चि. मनू,


काल रात्री ताईचा फोन आला. तुझी आई रात्री नऊनंतर कुणाला फोन करत नाही, हे तुला माहीतच आहे. म्हणाली, "मनूच्या खोलीत चार वाजेपर्यंत दिवा होता, जरा बोल तिच्याशी." मग हळूहळू सगळं बाहेर आलं. इंग्लंडमधला कुणी क्लायंट; तिथे रात्रीचे साडेआठ, नाशकात दोन. जगायची इच्छा नाही असं तो म्हणाला आणि कॉल तुटला. तू त्याच्या नावाने हाका मारत होतीस, मग नुसती येरझाऱ्या घालत होतीस. सकाळी चहा घेताना "तो बरा आहे" एवढंच म्हणालीस.

तो बरा आहे हे ऐकून मलाही हायसं वाटलं. पण मनू, त्याचा पत्ता तुझ्याकडे का नव्हता?

इतकी वर्षं तू समुपदेशनाचं काम करते आहेस. समोरासमोर बसणारा माणूस कोलमडला तर दार आहे, शेजारची खोली आहे, खाली रिक्षा आहे. स्क्रीनवरचा माणूस कोलमडला तर आपल्या हातात फक्त त्याने आधी दिलेली माहिती असते. म्हणून ती आधीच घ्यायची. पहिल्या भेटीत संमतिपत्रावर घरचा पत्ता, विश्वासातल्या एका माणसाचा नंबर, तिथल्या डॉक्टरांचं नाव. आणि नंतर प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला, न चुकता, "आत्ता तुम्ही कुठे बसला आहात?" माणसं घरून बोलतात, गाडीतून बोलतात, हॉटेलच्या खोलीतून बोलतात. मागच्या आठवड्यातला पत्ता आज उपयोगाचा नसतो. आपल्याकडचा क्लायंट असेल तर 112 आहे, टेलिमानस हेल्पलाइनचा 14416 आहे. पण इंग्लंडचा 999 नाशिकहून लागत नाही. त्या भागातल्या पोलिसांचा पूर्ण नंबर आपणच आधी शोधून ठेवावा लागतो. तो तू ठेवला होतास का? ताईला हे विचारण्यात अर्थ नव्हता, म्हणून तुला विचारते आहे.

दूरवरून समुपदेशन करण्याला माझा विरोध आहे, असं मात्र समजू नकोस. 1953 साली लंडनमध्ये चाड वारा यांनी चर्चमधल्या एका टेलिफोनवर समॅरिटन्स हेल्पलाइनचं काम सुरू केलं, तेव्हापासून माणसं नुसत्या आवाजाच्या आधाराने रात्र काढत आली आहेत. आपले कि. मो. फडके मुंबईत राहून न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांच्याकडून पत्रांतून मानसोपचार शिकले. परदेशातल्या मराठी माणसाला स्वतःच्या भाषेत रडता येणं किती मोलाचं आहे, हे मलाही कळतं. तरी प्रत्येक क्लायंट ऑनलाइन घेण्यासारखा नसतो. 2020 मध्ये डॉक्टरांसाठी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं निघाली, त्यांनीसुद्धा भारताबाहेरचा रुग्ण आपल्या कक्षेबाहेर ठेवला. ज्याला आत्ताच धोका आहे, त्याच्याजवळ चालत जाऊ शकेल असं कुणीतरी त्याच गावात हवं. तसं कुणी नसेल तर तिथला समुपदेशक शोधून द्यायचा आणि आपण बाजूला व्हायचं. ते टाकून देणं नसतं गं.

आणि ताईला ऐकू गेलं, याचाही विचार कर. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. आपल्या नाशिकच्या घरातली मधली भिंत किती पातळ आहे ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आजोबा पलीकडे खोकले तरी आपण उठून बसायचो. रात्रीचे सेशन तिथून घेऊ नकोस.

आजोबांवरून आठवलं. ते शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळले होते, त्या वर्षी मी संध्याकाळी हेल्पलाइनवर बसत असे. तेव्हा फोनवर नंबर दिसत नसे. एका मुलीचा फोन अर्ध्यावर तुटला, तो पुन्हा आलाच नाही. ती कोण, कुठली, पुढे तिचं काय झालं, मला आजतागायत माहीत नाही. पुढचे कितीतरी महिने मी आजोबांच्या उशाशी बसून त्या मुलीचाच विचार करत होते. ते काहीबाही सांगायचे, बालपणीचं, गोदेच्या पुराचं. मी हूं हूं करत राहिले. आज त्यातलं एकही वाक्य आठवत नाही, याचं फार वाईट वाटतं. तेव्हा मी हे कुणाशी बोलले नाही. बोलायचं असतं, हेच कुणी सांगितलं नव्हतं. मला पत्ता विचारायची सोयच नव्हती. तुला आहे, म्हणून पुन्हा पुन्हा तेच लिहिते आहे.

वाचताना तुला वाटेल, मावशी रागावली. घाबरले मी, मनू. त्या माणसासाठी घाबरले, त्याहून जास्त तुझ्यासाठी. पहाटे चारला तू एकटी त्या खोलीत होतीस आणि तुला कुणालाही फोन करावासा वाटला नाही. तू त्याला सोडून झोपली नाहीस, याचा मला अभिमान आहे. ताईलाही आहे, फक्त ती दिव्याबद्दल बोलते. या आठवड्यातले रात्रीचे सेशन पुढे ढकल, क्लायंटना तसं नीट कळव. तुझी सुपरव्हिजन बंद पडली असेल तर पुन्हा सुरू कर. आणि शनिवारी दोन दिवस ठाण्याला ये. केसबद्दल मला काही सांगू नकोस, नुसती झोप.

पुन्हा अशी रात्र आली तर मला उठव. मोबाइल उशाशीच असतो.

तुझी,
मावशी