दुसऱ्याने बनविलेली वेबसाइट सांभाळताना



या अंकातील संगणकाचा पाठ आपल्याच शाळेच्या वेबसाइटवर घडला आहे. प्रवेशाच्या दिवसांत बेला मंडलातील एक पालक कार्यालयात आले. थोरल्या मुलीचा अर्ज वेबसाइटवरून गेला होता, धाकटीचा जात नव्हता. पडद्यावर ‘नाव अवैध आहे’ एवढेच येत होते. त्यांनी विचारले, “सर, माझ्या लेकीच्या नावात काय चूक आहे?” मराठी शाळेच्या वेबसाइटने मराठी नावाला अवैध म्हणावे, याची मला फार लाज वाटली.

ही वेबसाइट एका होतकरू तरुणाने कोड लिहून देणाऱ्या साधनाच्या मदतीने दोन दिवसांत तयार करून दिली होती. हवे ते साध्या भाषेत सांगावे, साधन कोड लिहून देते. या पद्धतीला २०२५ च्या फेब्रुवारीत आंद्रे कार्पाथी यांनी ‘वाइब कोडिंग’ हे नाव दिले. पुढे तो तरुण नोकरीसाठी हैदराबादला गेला. आपल्याकडे पासवर्ड राहिला, पण माहिती राहिली नाही. नवीन शेत घेणाऱ्याला विहिरीवरच्या मोटारीची कोणती वायर कुठे जाते हे ठाऊक नसावे, तशी आपली स्थिती झाली.

आता दोष कुठे होता ते पाहू. नावाच्या रकान्यात आधी फक्त ए ते झेड ही अक्षरे चालत होती. आमच्या संगणक शिक्षकांनी साधनाला सांगितले, “सर्व भाषांची अक्षरे चालू दे.” साधनाने नियम बदलला. शिक्षकांनी ‘कमल’ लिहून पाहिले, अर्ज गेला. सर्वांना समाधान वाटले. परंतु युनिकोड या जागतिक पद्धतीत क, म, ल ही अक्षरे आहेत. काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार ही मात्र अक्षरे नसून वेगळी ‘चिन्हे’ मानली जातात. नियमात चिन्हांना परवानगी नव्हती. म्हणून कमल आणि शरद आत गेले. सीता, किरण, संजय बाहेर राहिले. नियमात चिन्हांची भर घातल्यावर काम झाले. साधनाने सांगितले तेच केले होते. आम्ही एकाच नावावर तपासून थांबलो, ही चूक आमची.

शोधता शोधता दुसरी चूकही सापडली. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. अर्जातील यादीत मात्र जुना एकच जिल्हा होता. निर्मलच्या मुलाने काय निवडावे?

यावरून शिकलेल्या गोष्टी अशा :

१) हात लावण्यापूर्वी संपूर्ण वेबसाइटची आणि माहितीची प्रत वेगळी ठेवावी. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतील जेसन लेम्किन यांच्या प्रकल्पात, काही बदलू नको असे सांगूनही अशाच एका साधनाने चालू डेटाबेस पुसला होता.

२) आधी कोड वाचावा. कळत नसेल तर साधनालाच ओळीओळीचा अर्थ विचारावा आणि तो खरा आहे का, हे करून पाहावे.

३) एका वेळी एकच बदल करावा. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेले ‘गिट’ प्रत्येक बदलाची नोंद ठेवते, त्यामुळे मागे फिरता येते.

४) तपासणी आपल्या माणसांच्या नावांवर करावी : ज्ञानेश्वर, रुक्मिणी, मराठी, तेलुगू, गोंडी, उर्दू घरांतील सर्व नावे.

५) पासवर्ड कोडमध्ये लिहिलेला आहे का ते पाहावे. असल्यास काढावा आणि बदलावा. अर्जात मुलांचे पत्ते आणि पालकांचे फोन असतात.

विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे की, वेबसाइटचे नाव कोणा व्यक्तीच्या नव्हे, संस्थेच्या नावावर नोंदवावे आणि देखभालीसाठी दरवर्षी थोडी रक्कम ठेवावी. इमारत बांधल्यावर आपण रंगरंगोटीचा खर्च धरतोच, तसेच हे आहे. नववीच्या मुलांनी आता एक वही घातली आहे. कोणता बदल, कोणी, कधी, कशासाठी केला, हे तीत लिहिले जाते. पुढच्या माणसाला आमच्यासारखे अंधारात चाचपडावे लागू नये.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आणि संगणक मी चाळिशीनंतर शिकलो. तेव्हा ‘मला हे जमणार नाही’ असे कोणीही म्हणू नये. त्या धाकट्या मुलीचा अर्ज आम्ही कार्यालयातच हाताने भरून घेतला. ती आता पहिलीत आहे.

स्वाध्याय
१) तुमच्या नावात अक्षरे किती आणि चिन्हे किती, ते मोजा.
२) आमच्या नियमाने अडविली असती अशी वर्गातील पाच नावे लिहा.
३) घरी कोणते यंत्र दुसऱ्याने बसविलेले आहे? त्याची माहिती कोणाकडे आहे, ते विचारून या.

— मुख्याध्यापक