एक बातमी, अनेक वाचक

सकाळी सानपाडा स्टेशनबाहेर वर्तमानपत्रे मांडलेली असतात : ‘लोकसत्ता’, ‘इन्किलाब’, ‘मुंबई समाचार’, ‘टाइम्स ऑफ इंडिया’. शहर तेच, दिवसही तोच. पण पहिली पाने वेगळी! रमजान ईदच्या आदल्या दिवशी उर्दू पत्रात चांद दिसतो. आषाढी जवळ आली की मराठी पत्रात पालखीचे छायाचित्र येते. यात खोटे कोणीच बोलत नाही. प्रत्येक संपादक आपला वाचक ओळखून असतो, एवढेच.

बाळशास्त्री जांभेकरांना हे चांगले ठाऊक होते. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. त्याच्या पानावर दोन स्तंभ असत. मराठी स्तंभ येथील लोकांसाठी आणि इंग्रजी स्तंभ राज्यकर्त्यांनाही कळावे म्हणून.

पण एका भाषेतले लिखाण दुसऱ्या भाषेच्या माणसांपुढे गेले तर? १९०८ साली ‘केसरी’तील अग्रलेखांबद्दल (आपण उर्दूत ज्याला इदारिया म्हणतो) लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. ज्युरीत सात युरोपियन व दोन पारशी होते. लेख मराठीत, आणि ज्युरीपुढे त्यांचे इंग्रजी भाषांतर! त्यात शब्दांचे अर्थ बिघडले आहेत, असे टिळकांनी न्यायालयात सांगितले. भाषांतरकाराची उलटतपासणीही घेतली. उपयोग झाला नाही. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला.

आज बातमी क्षणात जगभर जाते. तरी घोटाळा होतोच. २४ सप्टेंबर २०१४ रोजी भारताचे यान मंगळाच्या कक्षेत पोहोचले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एक व्यंगचित्र छापले : गाय घेऊन आलेला शेतकरी श्रीमंत देशांच्या अंतराळ क्लबचे दार ठोठावतो आहे. येथील वाचकांना ते झोंबले. हिणवण्याचा हेतू नव्हता, असे सांगून पत्राने माफी मागितली. हेतू चांगला असेलही. पण गाय आणि शेतकरी पाहून इथल्या माणसाला काय वाटेल, हे आधी कोणाला तरी विचारायला हवे होते.

उपक्रम : पावसाची किंवा लोकल गाडीची एकच बातमी मराठी व उर्दू पत्रांत शोधा. मथळे शेजारी शेजारी लिहा. उर्दू मथळ्याचे मराठी भाषांतर करून मराठी शाळेतील मित्राला वाचायला द्या. तो कोणत्या शब्दावर अडला, ते वहीत लिहा.