कार्डावरची रिकामी ओळ

"पहिलं सीझर कशासाठी झालं होतं?" दुसऱ्या खेपेला इंदापुरात डॉक्टरांनी विचारलं. मी नवऱ्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. पहिलं बाळंतपण बारामतीच्या एका खासगी दवाखान्यातलं. जुनं डिस्चार्ज कार्ड उलटसुलट करून पाहिलं. बाळाचं वजन, औषधं, टाके काढायची तारीख, सगळं होतं. कारणाची ओळ तेवढी कोरी.

त्या बाळंतपणाच्या रात्री पहिली कळ आली तशी निमगाव केतकीहून गाडी काढली. दाखल झाले तेव्हा पिशवीचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडलेलं. तीन तासांनी निरोप आला, "प्रगती नाही, सीझर करावं लागेल." घरचे म्हणाले, "उसाचं बिल आलंय, पैशाकडं बघू नका, पोरीला त्रास नको." सही झाली. बाळाचे ठोके कसे आहेत, आणखी थांबलं तर काय होईल, कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

पहिलटकरणीला वेळ लागतो, हे मला फार उशिरा कळलं. आई आणि बाळ ठीक असतील, तर पाच सेंटिमीटरच्या आत कळा सावकाश चालल्यात एवढ्यावरून सीझर करू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरी २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणं सीझरनं झालेली दिसतात. २०१५-१६मध्ये ती २०.१ टक्के होती. देशभरात २०१९-२१मध्ये सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के, खासगीत ४७.४.

बाळ आडवं असेल, ठोके मंदावत असतील, रक्त जात असेल, तर एक मिनिट वाद घालू नका. सीझरनं जीव वाचतो. पण तसं नसेल तर विचारा, आणि कारण कार्डावर लिहून घ्या. छेद कसा घेतला तेही, पुढच्या खेपेला नॉर्मलचा प्रयत्न करायचा का, हे ठरवताना ते लागतं. पोटावरचा टाका आडवा दिसला, तरी आत गर्भपिशवीवरचा तसाच असेल असं नाही. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं, दोन बाळंतपणांतलं अंतरही दीडच वर्षाचं. दुसऱ्यांदाही सीझरच झालं. आता तिसरं मूल झालं, तर वार जुन्या व्रणाला चिकटण्याचा धोका वाढलेला.

धाकट्या जावेला सातवा महिना आहे. गेल्या सोमवारी तपासणीला मीच सोबत गेले. "कळा सुरू झाल्या की लगेच यायचं का, डॉक्टर?" विचारताना माझा आवाज कापत होता. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि आम्हा दोघींना समजावायला बसल्या.