आधी खोली, मग स्पीकर

दिल्लीत पैसा नाही असं कुणी म्हणणार नाही. गुरुग्रामच्या सोसायट्यांच्या तळघरांत उभ्या असलेल्या गाड्या पाहाव्यात, लग्नसराईत छत्तरपूरच्या फार्महाउसांवरची रोषणाई पाहावी. गाण्याची आवड नाही असंही नाही. कमानी सभागृहात चांगला गायक असला की खुर्च्या भरून माणसं पायऱ्यांवर बसतात. तरीही गाणं नीट, निगुतीनं ऐकता येईल अशी सोय असलेली घरं दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद, गुरुग्राम मिळूनही शोधावी लागतात. का, असं विचारलं की दोनच उत्तरं मिळतात: वस्तू महाग आहेत आणि लोकांना कान नाही. या नादात मी बरीच वर्षं आणि बरेच पैसे घातले आहेत, आणि मला ही दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. खरी अडचण यंत्र आणि कान यांच्या मधल्या जागेत आहे. ती आधी कळली तर निम्मा खर्च वाचतो, म्हणून हे लिहितो आहे.

माझं घर मयूर विहारला, दिल्ली विकास प्राधिकरणाच्या (डीडीए) जुन्या फ्लॅटांपैकी एक. बैठकीची खोली बारा फूट बाय चौदा फूट. विटांच्या भिंती, वर सिमेंटचा स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी. स्पीकर घेतले ते एका शोरूममध्ये किशोरीताई आमोणकरांचं गाणं ऐकून. तिथल्या खोलीत जाड गालिचा होता, भिंतींवर कापड चढवलेले तक्ते होते, एसी चालू आहे हे कळतही नव्हतं. तेच स्पीकर घरी लावले आणि डग्गा घुमायला लागला. एक ठोका विरायच्या आत दुसरा त्यावर येऊन बसायचा, आणि तानपुऱ्याच्या तारा वेगवेगळ्या ऐकू येण्याऐवजी नुसती गुणगुण कानावर पडायची. दुकानदारानं आधी महागडी केबल सुचवली, मग जास्त ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर. दोन्ही लावून पाहिले. डग्गा घुमतच राहिला, कारण दोष खोलीत होता आणि तसं सांगण्यात दुकानदाराचा फायदा नव्हता.

गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राचं आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. चौदा फूट म्हणजे साधारण सव्वाचार मीटर. समोरासमोरच्या दोन कडक भिंतींमध्ये जी लहर नेमकी बसते, तिची वारंवारता मग ४० हर्ट्झच्या आसपास येते, आणि तिच्या वरची ८० च्या आसपास. या दोन सुरांना खोली स्वतःच फुगवते. डग्ग्याचा घुमारा त्या दुसऱ्या सुराच्या जवळपासच असतो. अमेरिकेतल्या बऱ्याच घरांत भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या असतात. त्या थोड्या थरथरतात आणि खालच्या सुरांचा काही भाग जिरवतात. आपली नऊ इंची विटेची भिंत जवळजवळ सगळं परत पाठवते. परदेशी मासिकातलं परीक्षण वाचून स्पीकर निवडला तर तो त्यांच्या खोलीसाठी निवडलेला असतो, हे मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

उपाय साधे निघाले. स्पीकर कोपऱ्यातून काढून मागच्या भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे आणले आणि डग्गा बराचसा शांत झाला. त्यानंतर फरशीवर पानिपतची जाड सतरंजी, खिडकीला दुपदरी पडदे, मागच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट. सतरंजी-पडद्यांनी वरच्या सुरांचा चरचरीतपणा जातो, खर्ज त्यांना दाद देत नाही. खर्जासाठी स्पीकरची जागा बदलायची, आपली खुर्ची पुढेमागे सरकवून पाहायची, आणि कोपऱ्यांत कापसाच्या गाद्यांच्या जाड गुंडाळ्या उभ्या करायच्या. दिल्लीत प्रत्येक घरात रजयांनी भरलेली पेटी असते, त्यामुळे हा प्रयोग फुकट करता येतो. खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागे झणकार ऐकू आला तर नवं यंत्र आणण्याआधी खोलीचं काम बाकी आहे असं समजावं.

दुसरी गोष्ट गोंगाटाची. मे महिन्यात पारा ४४ वर असताना पंखा बंद करून आलाप ऐका असं सांगणं क्रूरपणाचं आहे. माझ्या खोलीत मोबाइलवरच्या मापकात पंखा चालू असताना ४५ ते ५० डेसिबल दिसतात आणि खिडकीतला कूलर चालू असला तर ६०. हे मापक काटेकोर नसतं, पण अंदाज येतो. ख्यालाच्या सुरुवातीचा हलका स्वर आणि द्रुतातली भरलेली तान यांत २० डेसिबलचं अंतर सहज असतं. कूलरवर मात करून तो हलका स्वर ऐकायचा तर तान ८० च्या वर न्यावी लागते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा ठेवली आहे, आणि शेजारच्या आंटीजींची भिंत आपल्याच भिंतीला लागून असते. उन्हाळ्यात चांगली सिस्टीम आणि साधा ब्लूटूथ स्पीकर यांत फारसा फरक वाटत नाही तो यामुळे. बारकावे पंख्याच्या घरघरीत बुडालेले असतात. घरच्यांनी ‘एवढे पैसे कशाला?’ असं विचारलं तर त्यांचं चूक नसतं, त्यांना खरोखरच फरक ऐकू आलेला नसतो.

दिल्लीत ऐकण्याचा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पंखे बंद, खिडक्या बंद, फरशीवर सतरंज्या, दिवाणावर रजया. कुणालाही पहिल्यांदा काही ऐकवायचं असेल तर जानेवारीत बोलवावं. नेमक्या याच दिवसांत बँड आणि डीजे घेऊन वराती निघतात हेही खरं, पण त्या रात्रीच्या. सकाळ आपली असते.

बाजाराकडे वळू. लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटात शिरलं की पहिला प्रश्न येतो, ‘कितने वॉट का चाहिए?’ डब्यांवर हजारोंचे आकडे छापलेले असतात आणि पुढे पीएमपीओ ही अक्षरं. या मापाला कोणतंही सर्वमान्य प्रमाण नाही. कंपनी लिहील तो आकडा. विचारायचं ते आरएमएस वॉटबद्दल, म्हणजे यंत्र सतत देऊ शकतं त्या ताकदीबद्दल. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण दसपट ताकद लागते. बारा बाय चौदाच्या खोलीला खरे ३०-४० वॉट पुष्कळ झाले.

मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज हे समीकरण इथे उगाच रुजलेलं नाही. या शहरानं ध्वनीचं काम मोठं केलं, पण ते मैदानासाठी आणि गल्लीसाठी. आहुजा ही १९४० पासूनची दिल्लीची कंपनी. रामलीला, जागरण, सभा, शाळेची प्रार्थना यांत तिचे भोंगे आणि माईक सगळ्या देशानं पाहिले. दर्यागंजमध्ये वडिलांच्या फळांच्या रसाच्या दुकानात काम केलेल्या गुलशन कुमारांनी १९८३ मध्ये टी-सिरीज काढली, आणि नोएडातून निघालेल्या स्वस्त कॅसेटींनी गाणं ट्रकच्या केबिनपासून चहाच्या टपरीपर्यंत पोचवलं. ज्यांना रेकॉर्ड परवडत नव्हती त्यांच्या घरी गाणं आलं, याचं मोल मी कमी लेखत नाही. पण एका पिढीचा कान त्या कॅसेटवर तयार झाला, आणि १९८२ च्या एशियाडबरोबर आलेल्या रंगीत टीव्हीनं बैठकीच्या खोलीतली मानाची भिंत घेतली. आजही सोफा टीव्हीकडे तोंड करून असतो आणि आवाज त्याच्याखालच्या सपाट साउंडबारमधून येतो.

किमतीचं चक्र वेगळं. आयात स्पीकरवर मूळ सीमाशुल्क, त्यावर अधिभार, आणि या सगळ्याच्या बेरजेवर १८ टक्के कर. मग आयातदाराचा आणि विक्रेत्याचा हिस्सा. गिऱ्हाईक थोडं म्हणून माल थोडा मागवला जातो, माल थोडा म्हणून प्रत्येक नगावर नफा जास्त लावावा लागतो, आणि ऐकण्याची खोली सांभाळण्यापेक्षा विक्रेत्याला इंटिरियरवाल्यामार्फत छतात स्पीकर बसवून देणं परवडतं. नवा माणूस घडायला कुठे तरी तासभर निवांत बसून ऐकायला मिळावं लागतं, आणि ती जागाच उरत नाही. माझ्या मते हा या क्षेत्राचा सगळ्यात मोठा तोटा आहे, करांपेक्षाही मोठा.

महागाईला कंटाळून माणूस बिलाविना मिळणाऱ्या मालाकडे वळतो. तिथे सावध राहा. जपानच्या घरगुती बाजारातली जुनी यंत्रं दिसायला देखणी असतात, पण ती १०० व्होल्टची असतात, अमेरिकेतली १२० ची. आपल्याकडे २३०. मागच्या पाटीवर काय छापलं आहे ते वाचल्याशिवाय प्लग लावू नये. ओळखीतल्या एकाकडे असा अ‍ॅम्प्लिफायर पहिल्याच संध्याकाळी जळाला, आणि बिल नसल्यानं त्याला कुणी दारात उभं केलं नाही. नवं घेतानाही दुरुस्ती कुठे होते हे आधी विचारावं. पुष्कळदा यंत्र मुंबईला किंवा बेंगळुरूला जातं, म्हणून मूळ खोकं माळ्यावर जपून ठेवावं.

विजेचं थोडक्यात सांगतो. स्पीकरमधून सतत घूं असा आवाज येत असेल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून तिसऱ्या पिनेचं अर्थिंग तपासून घ्यावं. जुन्या फ्लॅटांत ते बऱ्याचदा नुसतं नावाला असतं. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प्लिफायर चालवू नये. नोएडा-गुरुग्रामच्या सोसायट्यांत वीज जाऊन जनरेटर लागतो तेव्हा धक्का बसतो, तेवढ्या वेळात यंत्र बंद असलेलं बरं. विजेखेरीज एक: आपल्या हवेत फोम लवकर झिजतो, म्हणून स्पीकरच्या पडद्याची कड फोमची न घेता रबराची घ्यावी.

आता खरेदी. आपल्या गाण्यासाठी विचार केला तर गरज माणसं समजतात त्याहून लहान असते. गायकाचा षड्ज काळी एकवर असेल तर तानपुऱ्याची खर्जाची तार ७० हर्ट्झच्या जवळपास वाजते. ख्याल, नाट्यगीत, अभंग यांत त्याच्या फार खाली काही नसतं. त्यामुळे विटेच्या लहान खोलीत सबवूफर घेऊन ४० हर्ट्झचा घुमारा विकत आणण्यात अर्थ नाही. सहा इंची वूफरची चांगली जोडी, स्टँडवर, ट्वीटर कानाच्या उंचीला. स्टुडिओत वापरतात ते अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेले मॉनिटरही पाहावेत. ते हायफायच्या दुकानांत सहसा नसतात. दर्यागंजच्या नेताजी सुभाष मार्गावर आणि इतरत्र वाद्यांची दुकानं आहेत, तिथे चौकशी करावी. स्टुडिओंची मागणी असल्यानं या मॉनिटरच्या किमती बऱ्याच आवाक्यात असतात. आपल्याकडेही स्पीकर बनवण्याचं काम झालं आहे: कोलकात्याची सोनोडाइन १९७० पासून आहे, पुण्याच्या केडन्सनं इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवले. शोरूममध्ये जाताना आपल्या कानात मुरलेलं एकच ध्वनिमुद्रण न्यावं, शक्यतो नुसत्या तानपुऱ्यानं सुरू होणारं. तारा सुट्या ऐकू येतात का आणि गायकानं श्वास घेतलेला कळतो का, एवढं पाहिलं तरी पुरे. दुकानदारानं लावलेल्या झगमगीत तुकड्यावर निर्णय घेऊ नये, आणि घरी आणून चार दिवस ऐकून परत करण्याची मुभा देत असेल तर त्यासाठी थोडे पैसे जास्त द्यावेत.

दिल्लीतल्या आपल्या मराठी मंडळांपुढे मला एक मागणी ठेवायची आहे. पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनापासून ठिकठिकाणच्या गणेशोत्सव मंडळांपर्यंत आपण गायकांना बोलावतो, सभागृह घेतो, माईकवाला ठरवतो. त्या खर्चाचा छोटा भाग काढून एक खोली करावी: सतरंजी, पडदे, पुस्तकांची कपाटं, मॉनिटरची एक जोडी, दहा खुर्च्या. हिवाळ्यात रविवारी सकाळी ती उघडी ठेवावी. मंडळींनी आपापल्या आवडीचं ध्वनिमुद्रण आणावं आणि ज्याला घरासाठी काही घ्यायचं आहे त्यानं आधी इथे येऊन ऐकावं. माझी स्पीकरची जुनी जोडी आणि दोन स्टँड मी द्यायला तयार आहे.