दोह्यातला नाताळ : आधी रजा, मग केक

कतारमध्ये 25 डिसेंबरला सरकारी सुट्टी नसते. वसईत करंज्या लाटायला शेजारच्या काकी येतात, केकवर जाऊबाईंची नजर असते. दोह्याच्या फ्लॅटमध्ये सगळे एकट्या आईच्या गळ्यात पडते, त्यातून ती नोकरी करणारी असली की नाताळच्या जेवणाला बसेपर्यंत तिचे डोळे मिटू लागतात. म्हणून तयारीला कॅलेंडर हातात घेऊन बसा, तेही नवरा-बायको दोघे.

ऑक्टोबरात रजेचे अर्ज द्या. 2026 मध्ये नाताळ शुक्रवारी आहे, म्हणजे आठवड्याची सुट्टी आयतीच मिळते. पण 24 तारखेचा गुरुवार कामाचाच. रुग्णालयात किंवा हॉटेलात पाळी असेल तर शुक्रवारही गृहीत धरू नका. ड्युटीची यादी लागायच्या आधी बोला.

नोव्हेंबरात गावाहून येणाऱ्यांकडून सामान मागवा. इथे जपून. दारू आणि डुकराचे मांस कतारमध्ये आणता येत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. खसखशीचे मात्र लक्षात राहत नाही. आखातात ती अमली पदार्थांच्या नियमात सापडते. बाटली मसाल्यात ती अनेक घरी घालतात, करंजीच्या सारणातही असते. तेव्हा सासूबाईंना आधीच फोन करून मसाला बिनखसखशीचा कुटायला सांगा. सुकामेवा मात्र गावाहून आणायची गरज नाही. सूक वाकिफच्या बाजारात खजूर, अंजीर, बदाम मुबलक मिळतात. खवलेले गोठवलेले खोबरे सुपरमार्केटात असते.

18 डिसेंबरला कतारचा राष्ट्रीय दिन, त्याची सुट्टी असते. तो दिवस कुलकुलांचा, म्हणजे तळलेल्या गोड वळकट्यांचा. अर्धा किलो मैदा, दोन अंडी, शंभर ग्रॅम पिठीसाखर, दोन चमचे गरम तूप आणि चिमूटभर मीठ एकत्र करून, लागेल तसे नारळाचे घट्ट दूध घालत मऊसर मळा. तासभर झाकून ठेवा. नव्या, धुतलेल्या कंगव्यावर किंवा काट्यावर गोळी दाबून गुंडाळायचे काम मुलांचे. आकार वेडेवाकडे आले तरी आईने ते पुन्हा करत बसू नये. मंद आचेवर तळा, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. महिनाअखेरपर्यंत कुरकुरीत राहतात. करंज्याही त्याच दिवशी उरकायचा मोह होईल, पण एका दिवसात एकच तळण पुरे.

केकसाठी रममध्ये महिनाभर भिजवलेला मेवा इथे विसरा. अर्धा किलो चिरलेला मेवा एक वाटी गरम संत्र्याच्या रसात घालून, गार करून, फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवा. रसात भिजलेला मेवा त्याहून जास्त दिवस ठेवू नये. हा केक रमच्या केकइतका टिकत नाही. पंधरवडा आधी भाजलात तर गुंडाळून फ्रीजरमध्ये टाका आणि 24ला सकाळी बाहेर काढा.

सोरपोतेल डुकराच्या मांसाऐवजी मटण आणि काळजाचे करा. 22 तारखेला शिजवून फ्रिजमध्ये ठेवले तर व्हिनेगर मुरून नाताळला चवच वाढते. 22 ला जेवणात दुसरे काही नको, खिचडी टाका.

मिस्साच्या वेळा आधी बघून ठेवा. मेसायमीरच्या धार्मिक संकुलातले रोझरी मातेचे चर्च 2008 साली उघडले, ते कतारमधले पहिले कॅथलिक चर्च. बाहेर ना क्रूस ना घंटा, पण नाताळला आत पाय ठेवायला जागा नसते. शेजारीच इतर पंथांची चर्चही आहेत. फाटकावर तपासणी होते, म्हणून मोठ्या पिशव्या घरी ठेवा, कतारचे ओळखपत्र जवळ असू द्या. रात्री गारवा असतो, लेकरांना स्वेटर घाला. गव्हाणी आणि तारा घरातच लावा. गव्हाणीचे काम बाबांचे, आणि ते आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीच संपवा, 29 नोव्हेंबरला.

वसईत मध्यरात्र होते तेव्हा दोह्यात साडेनऊ वाजलेले असतात. आजी-आजोबांना नाताळच्या शुभेच्छा द्यायला तीच वेळ धरा, मग मिस्साला निघा. 25 तारखेला चुलीपाशी फक्त गरम करणे उरले पाहिजे. ते आईखेरीज कोणीही करावे.