उतारवयातील विद्याभ्यास



आपल्या गावोगावच्या मंडळींत एक बोल नेहमी कानी पडतो. 'आता या वयात काय शिकायचे? आता काय, टाळ हाती धरायचा आणि नाव घ्यायचे.' बोलणारा भाविक असतो, त्याच्या नम्रतेविषयी शंका नाही. परंतु तोच गृहस्थ तलाठ्याकडील सातबारा वाचून घेण्यासाठी पुतण्याच्या दारात ताटकळतो. औषधाच्या बाटलीवर काय लिहिले आहे ते शेजारच्या पोराला विचारतो. सप्ताहात पारायणाला बसावे असे मनात फार असते, पण पोथी हाती घेता येत नाही. म्हणून जन्मभर तो मंडपाच्या कडेला, ऐकणाऱ्यांत बसतो. हे दुःख लहान नाही. म्हणून प्रौढपणी आणि वृद्धपणी शिकावे की नाही, आणि शिकायचे तर कसे, एवढ्याच विषयाचा आज शंका-समाधानाच्या रीतीने विचार करू.

शंका पहिली : विद्येने अहंकार वाढतो, मग ती कशाला?

ही शंका आपल्या संप्रदायात जुनी आहे, आणि ती खोटीही नाही. पाठांतराच्या आणि पांडित्याच्या ताठ्याने माणूस देवापासून दूर गेल्याची उदाहरणे संतचरित्रांत आहेत. परंतु नीट पाहा. दोष विद्येचा की ताठ्याचा? सुरीने भाजी चिरता येते तसे बोटही कापता येते, म्हणून कोणी घरातली सुरी विहिरीत टाकीत नाही.

श्रीचांगदेवांची कथा आपण सर्वांनी कीर्तनात ऐकली आहे. चौदाशे वर्षांचे योगी, अंगी मोठ्या सिद्धी. ज्ञानदेवांना पत्र लिहावयास बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले. चिरंजीव लिहावे तर समोरचा ज्ञानाने थोर, तीर्थरूप लिहावे तर वयाने लेकरू. शेवटी कागद कोराच धाडला. निवृत्तिनाथांच्या आज्ञेने ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांनी उत्तर दिले. तीच आपली चांगदेवपासष्टी. आणि पुढे तेच चांगदेव कोणाचे शिष्य झाले? लहानग्या मुक्ताईचे!

आता या कथेत चांगदेवांना अडविले कशाने, याचा विचार करा. बुद्धी मंद होती काय? मुळीच नाही. स्मरण गेले होते काय? तेही नाही. अडले ते मायन्यावर, म्हणजे 'मी मोठा, हा लहान' या एका गाठीवर. ती गाठ सुटली आणि चौदाशे वर्षांचा शिष्य लेकरापुढे बसला. आजही नेमके हेच होते. पन्नाशीच्या माणसाला अक्षर अवघड जात नाही, सुनेला किंवा नातवाला 'हे मला शिकव' असे म्हणणे अवघड जाते. म्हणून आमचे म्हणणे असे की, तरुणपणी विद्येने अहंकार वाढत असेलही, पण उतारवयात विद्येला बसण्यासाठीच अहंकार आधी उंबऱ्याबाहेर ठेवावा लागतो. ज्याला नम्रता साधायची आहे त्याला ही पाटी म्हणजे चांगले साधन आहे.

शंका दुसरी : ऐकून सर्व कळते, वाचायचे कशाला?

श्रवणाचा महिमा मोठा आहे, त्याला बाध आणण्याचा हेतू नाही. ज्यांची दृष्टी गेली, हात थरथरतो, त्यांनी ऐकूनच शिकावे, तेही शिकणेच आहे. परंतु ऐकीव गोष्टीला एक भय असते. ती तोंडोतोंडी बदलते. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये सिद्ध झाली. पुढे तीन शतकांत तिच्यात अपपाठ शिरले. तेव्हा श्रीएकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला. नाथांनी शके १५२१ मध्ये देह ठेवला, म्हणजे हे कष्टाचे काम त्यांनी आयुष्याच्या शेवटल्या पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर केले. प्रपंच, परमार्थ, अन्नदान, कीर्तन हे सर्व चालू असता ते पोथ्यांची पाने ताडीत बसले. 'आता या वयात काय' असे ते म्हणते तर आज आपल्या हाती कोणता पाठ असता?

जे पोथीचे, तेच व्यवहाराचे. खरेदीखतात काय लिहिले आहे, कर्जाच्या कागदावर किती आकडा आहे, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकून अंगठा उठविणारा माणूस त्या दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर जगतो. तो दुसरा भला निघाला तर ठीक. नाही निघाला, तर जमीन जाते आणि कोर्टाचे हेलपाटे मागे लागतात. श्रीगाडगेमहाराज (१८७६–१९५६) स्वतः अक्षरओळखीवाचून वाढले, पण कीर्तनातून पोरांना शाळेत घाला म्हणून लोकांना हात जोडीत राहिले. निरक्षरतेची झळ त्यांना ठाऊक होती, म्हणूनच त्यांच्या बोलण्याला धार होती.

शंका तिसरी : साठी आली की बुद्धी जाते म्हणतात, त्याचे काय?

ही म्हण आपणच आपल्या गळ्यात बांधून घेतली आहे. वयाबरोबर काही गोष्टी मंदावतात, हे खरे. नवे नाव चटकन आठवत नाही, पाठांतराला वेळ लागतो. चाळिशीनंतर जवळचे अक्षर अंधूक दिसते, म्हणून तर चष्म्यालाच लोक चाळिशी म्हणतात. पण शब्दांचा साठा, अर्थाची समज, एका गोष्टीचा दुसरीशी संबंध लावण्याची शक्ती पुढे पुष्कळ वर्षे टिकते. म्हातारपणी विसर पडणे हा सर्वांना होणारा बदल आहे. वेड लागल्यासारखी स्मृती जाणे हा रोग आहे, तो सर्वांना होत नाही. या दोहोंची गल्लत करून निरोगी माणसाने पाटी टाकू नये.

प्रमाण पाहिजे तर दोन देतो.

पहिले प्रमाण पार्वतीबाई आठवले यांचे. जन्म १८७०, कोकणातील देवरुखचा. तरुणपणीच वैधव्य आले, पदरी एक मुलगा. विशी उलटल्यावर बहिणीच्या, म्हणजे महर्षी कर्व्यांच्या पत्नीच्या आधाराने त्या पुण्यास शिकू लागल्या. पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून त्यांनी वर्गणी गोळा केली. इंग्रजी शिकावे असे मनात होते, ते इथल्या कामाच्या रगाड्यात साधेना. तेव्हा १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिशीच्या सुमारास, ही बाई अमेरिकेस गेली! तेथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिली, भाषा शिकली आणि १९२० मध्ये परतून पुन्हा आश्रमाच्या कामाला लागली. पुढे 'माझी कहाणी' हे आत्मचरित्र लिहिले. तुकोबाराय, एकनाथमहाराज आणि बहिणाबाई यांची चरित्रे ज्या जस्टिन अॅबट साहेबांनी इंग्रजीत नेली, त्यांनीच हे आत्मचरित्रही इंग्रजीत नेले.

दुसरे प्रमाण आजच्या काळातले. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहान गाव आहे. तेथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा निघाली. विद्यार्थिनी साठीपासून नव्वदीपर्यंतच्या. गणवेश म्हणून गुलाबी लुगडे, पाठीवर दप्तर, हाती पाटी. वेळ दुपारची ठेवली, कारण सकाळी घरचे काम आणि शेत. गावच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ही शाळा उभी केली. पोथी आपल्याला वाचता यावी ही आजीबाईंची इच्छा हे तिचे मूळ. अहो, सत्तर वर्षे जी बाई चुलीपुढे बसली ती पाटीपुढे बसते आणि आपल्या हाताने आपले नाव लिहिते, तर चाळिशीच्या धडधाकट माणसाने सबब कोणती सांगावी?

आता शिकायचे कसे?

पहिला नियम : पाठ असलेले आधी वाचावे. वारकऱ्याजवळ एक असे भांडवल आहे जे शाळेतल्या मुलाजवळ नसते. हरिपाठ त्याला मुखोद्गत आहे. मोठ्या टाइपाचा हरिपाठ समोर ठेवावा, मुखाने म्हणावे आणि प्रत्येक शब्दावर बोट ठेवावे. जिभेला जे ठाऊक आहे ते डोळा हळूहळू ओळखू लागतो. 'हरि' हा शब्द पानोपानी येतो. तो एकदा ओळखला की दोन अक्षरे आणि एक वेलांटी पदरात पडली. मात्र पुढे न पाहता म्हणत सुटू नये, नाहीतर ते पाठांतरच राहील. मधूनच एक शब्द झाकून दुसरा विचारावा, म्हणजे खरी ओळख कळते.

दुसरा नियम : थोडे, पण रोज. एका बैठकीत तीन तास बसून आठवडाभर पाटी न पाहण्यापेक्षा रोज अर्धा तास बरा. काल शिकलेले आज, आजचे तीन दिवसांनी, पुन्हा आठ दिवसांनी उजळावे. आळंदीहून पंढरी सुमारे अडीचशे किलोमीटर. ती कोणी एका दमात गाठत नाही, मुक्काम करीत करीतच पोचतो. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार. वाचता येऊ लागल्यावर रोज पंचवीस धरल्या तर ३६० दिवसांत ग्रंथ पुरा होतो. एका आषाढीला आरंभ केला तर पुढल्या आषाढीच्या सुमारास समाप्ती!

तिसरा नियम : डोळ्यांची तपासणी आधी. पुष्कळांना वाटते की आपल्याला अक्षर येत नाही, पण खरे म्हणजे ते दिसतच नसते. चष्मा आणि भरपूर उजेड यांवाचून प्रौढाला शिकायला बसवू नये.

चौथा नियम : शिकलेले वापरावे. सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावेच्या गावे अक्षरे गिरवायला बसली, गाव साक्षर झाले म्हणजे ग्रामगौरव समारंभ होई. काम मोठे झाले. पण समारंभानंतर जेथे वाचन सुटले तेथे अक्षरेही पुसली गेली. सही येणे म्हणजे वाचता येणे नव्हे. एस.टी.ची पाटी, दुकानाचा हिशेब, औषधाचे वेष्टन, वर्तमानपत्राचा मथळा, जे समोर येईल ते वाचावे. १९६७ च्या कायद्यानंतर राज्यात पुष्कळ गावी सार्वजनिक ग्रंथालये उभी राहिली. जवळ असेल तेथे नाव नोंदवावे.

पाचवा नियम : शिकविणाराने मान राखावा. नातवाने आजोबांवर हसू नये, सुनेने सासूला सर्वांदेखत चूक दाखवू नये. प्रौढ विद्यार्थी एकदा ओशाळला की पुन्हा पाटीकडे फिरकत नाही.

ज्यांची अक्षरओळख आहे, पण शाळा अर्धी सुटली, त्यांनाही वाट आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसण्यास खालची वयोमर्यादा चौदा वर्षांची आहे, वरची नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले, ते घर-प्रपंच सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच. अगदी निरक्षरांसाठी केंद्र सरकारचा 'उल्लास' हा साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या मुदतीचा आहे. पंधरा वर्षांवरील कोणालाही त्यात घेतात. परीक्षा १५० गुणांची : वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५०. जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींकडे चौकशी करावी.

आणि जे पदवीधर आहेत, नोकरीतून निवृत्त झाले आहेत, त्यांनीही आपले शिकणे संपले असे मानू नये. संस्कृत शिकावे, हिशेब शिकावा, मोबाइलवरचा व्यवहार शिकावा म्हणजे ठकांच्या हाती पैसा जाणार नाही. आणि आपल्याला येते ते एका निरक्षराला शिकवावे. शिकविताना आपलेच शिकणे पक्के होते.

पाठाचे सार एवढे : वय विद्येच्या आड येत नाही, लाज येते. ती लाज टाकणे हाच पहिला धडा. त्यानंतरचे धडे अक्षरांचे आहेत, ते कष्टाने साधतात.

मननासाठी प्रश्न : १. चांगदेवांचे पत्र कोरे का राहिले? २. आपल्या दिंडीत पोथी वाचता न येणारे किती आहेत, आणि त्यांना कोणी विचारले आहे काय? ३. आपण स्वतः गेल्या वर्षात नवे काय शिकलो?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुढल्या एकादशीच्या आत मोजून काढावे. आणि जो पहिला सापडेल त्याच्या शेजारी हरिपाठाचे पुस्तक घेऊन बसावे. इति.