धंद्याची गाडी : पेट्रोल घ्यावी की डिझेल?

धंद्यासाठी गाडी घ्यायची ठरली की कंपनी कोणती यापेक्षा इंजिन कोणते हा प्रश्न आधी येतो. जुन्या ड्रायव्हरला विचारावे तर तो डोळे मिटून डिझेल सांगतो. दुकानदाराच्या मुलाला विचारावे तर तो पेट्रोल म्हणतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. एकाने माल भरून घाट चढलेला असतो, दुसऱ्याने रिकामी गाडी शहरात फिरवलेली असते. पैसे मात्र मालकाचे जातात. म्हणून ही पसंती कशातून आली आणि तिच्यातले आज किती खरे उरले आहे, ते आम्ही येथे मांडत आहोत.

आधी इंजिनाचा फरक समजून घेऊ. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल दाबले जाते आणि स्पार्क प्लगची ठिणगी ते मिश्रण पेटवते. असे चार स्ट्रोकचे इंजिन निकोलाउस ऑटो या जर्मन गृहस्थाने १८७६ साली चालवून दाखवले. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. तेथे नुसती हवा दाबली जाते, तीही मूळ जागेच्या सोळाव्या-अठराव्या हिश्श्यात. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, हे सर्वांनी अनुभवले आहे. तीच गोष्ट येथे इतकी वाढते की त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडताच तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल यांनी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे १८९७ साली हे इंजिन यशस्वी केले.

ड्रायव्हर लोक जे काही सांगतात ते सारे या एका फरकातून निघते. दाब जास्त, म्हणून इंजिनाचे सर्व भाग जाड आणि भक्कम. म्हणूनच गाडी महाग, जड आणि आवाज करणारी. परंतु हेच इंजिन कमी फेऱ्यांवर जोराने ओढते. कसारा घाटात भरलेला टेम्पो गिअर फारसा न बदलता चढतो तो या ओढीमुळे. त्याच वजनाला पेट्रोल इंजिन फेऱ्या वाढवून, तापून, ओरडून चढते. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा उष्णता सुमारे दहा टक्के अधिक असते आणि ती वापरण्याची रीतही काटकसरीची आहे. म्हणून ॲव्हरेज चांगले मिळते. पेट्रोलच्या बाजूला सहज स्टार्ट, कमी थरथर, हलके इंजिन आणि स्वस्त दुरुस्ती.

पसंती बनली ती दरामुळे

इंजिनाच्या गुणांपेक्षा मोठे कारण पंपावरचा दर हे होते. ज्या काळात मॅटाडोर आणि टेम्पो हीच छोट्या व्यापाऱ्याची गाडी होती (टेम्पो हा शब्दच मुळी कंपनीच्या नावावरून आपल्या भाषेत आला), त्या काळापासून सरकारने डिझेलचा दर धरून ठेवला. जून २०१० मध्ये पेट्रोलवरचे दरनियंत्रण उठले आणि डिझेलवरचे राहिले. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये लिटर होते आणि डिझेल ४१ रुपये. ३२ रुपयांचा फरक! त्या वर्षांत देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या, यात नवल नाही.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा दरही मोकळा झाला. जून २०२० मध्ये तर दिल्लीत काही काळ डिझेल पेट्रोलपेक्षा महाग विकले गेले. आज पुन्हा फरक आहे, पण तो पूर्वीसारखा नाही. ड्रायव्हरची सवय मात्र २०१२ सालचीच आहे, आणि मालक त्या सवयीवर लाख रुपये जादा मोजतो, हा आमचा मुद्दा आहे.

कागद-पेन्सिल घेऊन बसावे

आकडे सोयीसाठी धरू. वाचकांनी आपल्या गावच्या पंपाचा दर आणि आपल्या गाडीचे ॲव्हरेज घालून हिशेब करावा. पेट्रोल १०४ रुपये, डिझेल ९० रुपये. पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज १५, डिझेल गाडीचे २०. पेट्रोलला किलोमीटरमागे ६ रुपये ९३ पैसे पडतात, डिझेलला साडेचार रुपये. म्हणजे एका किलोमीटरला २ रुपये ४३ पैसे वाचले.

डिझेल गाडी एक लाखाने महाग असेल, तर हा लाख वसूल व्हायला सुमारे ४१ हजार किलोमीटर धावावे लागेल. आता मालेगावचा एक कापड व्यापारी घ्या, ज्याची गाडी दिवसाला ३० किलोमीटर फिरते. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ९ हजार किलोमीटर झाले. त्याला लाख रुपये वसूल व्हायला साडेचार वर्षे लागतील. डिझेलची सर्व्हिसिंग वर्षाला ६ हजारांनी महाग पडली तर सव्वासहा वर्षे. तोवर गाडी विकायची वेळ येते. उलट भिवंडीहून नाशिकच्या बाजूला माल घेऊन जाणारा, रोज १०० किलोमीटर धावणारा टेम्पो तोच जादा खर्च धरूनही दीड वर्षात लाख परत करतो आणि पुढे निव्वळ फायदा.

याच ॲव्हरेजने २०१२ च्या दराचा हिशेब केला तर डिझेलचा खर्च पेट्रोलच्या निम्म्याहूनही कमी येत होता. आज तो जवळजवळ दोन तृतीयांश येतो. तेव्हा न मोजता डिझेल घेणारा सहसा फसत नसे. आज त्याने मोजलेच पाहिजे.

एक गोष्ट पेट्रोलवाल्यांनीही लक्षात ठेवावी. २०२५ पासून देशातील बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे उतरते. हिशेबात कंपनीच्या जाहिरातीचा आकडा घालू नये. टाकी फुल करून, पुन्हा फुल करून स्वतः काढलेला आकडा घालावा.

धुराची जाळी

१ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ हा प्रदूषणाचा नियम लागू झाला आणि डिझेल इंजिनाचा स्वभाव बदलला. मारुतीने त्याच वेळी डिझेल मोटारी बनवणे बंद केले. त्यांची सुपर कॅरी ही मालवाहू गाडी २०१६ मध्ये डिझेलवर आली होती, ती आता पेट्रोल आणि सी.एन.जी.वर मिळते. २००५ मध्ये दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनासह आलेला टाटांचा छोटा हत्ती २०२० पासून पेट्रोलवरही मिळू लागला. कंपन्यांनी हिशेब केला आहे. आपण का करू नये?

बदल असा की नव्या डिझेल गाड्यांपैकी बहुतेकांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी असते, तिला डी.पी.एफ. म्हणतात. जाळीत साठलेली काजळी जाळून टाकायला खूप उष्णता लागते. ती गाडी हमरस्त्यावर एकसारख्या वेगाने वीसेक मिनिटे चालली तर मिळते. दुकानातून गोदाम, गोदामातून स्टँड, दर दोन किलोमीटरवर इंजिन बंद, अशा फिरण्यात ती मिळत नाही. जाळी भरत जाते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, ओढ कमी होते. दुर्लक्ष केले तर जाळी बदलण्याचा खर्च मोठा येतो. म्हणजे "डिझेल कुठेही, कसेही चालते" हे जुन्या गाडीविषयी खरे होते, नव्या गाडीविषयी नाही. दिवा लागला की लांबची फेरी मारून आणावी आणि जाळी साफ होत असताना इंजिन बंद करू नये, हे ड्रायव्हरला बजावून ठेवावे.

आमच्या वाचकांत मेस्त्री आणि फिटर बंधू पुष्कळ आहेत. जुना पंप-नोझल हाताने आणि कानाने दुरुस्त होत असे. आजच्या इंजेक्टरमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो, त्यात थोडे पाणी किंवा भेसळ गेली तरी तो निकामी होतो. संगणकाचा स्कॅनर लावल्याशिवाय दोष कळत नाही. ज्या गॅरेजने हे शिकून घेतले त्याच्याकडे काम आहे. ज्याने टाळले त्याच्याकडे जुन्या गाड्या येतील तोवरच काम.

कर आणि जुनी गाडी

महाराष्ट्रात खाजगी डिझेल मोटारीला रस्ता कर पेट्रोल मोटारीपेक्षा चढ्या दराने लागतो, तो लाखाच्या फरकात धरावा. जी.एस.टी. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला धंद्याच्या मालवाहू गाडीवर भरलेल्या कराची वजावट मिळते. साध्या प्रवासी मोटारीवर ती मिळत नाही, मग तिच्यातून माल नेत असलात तरी. कंपोझिशन योजनेतील दुकानदारांना दोन्हीवर नाही. पेट्रोल-डिझेल जी.एस.टी.च्या बाहेर असल्याने पंपाच्या पावतीवर वजावटीचा प्रश्नच येत नाही.

व्याजाचे कर्ज टाळणारे आमचे अनेक वाचक रोखीने जुनी गाडी घेतात. त्यांच्यासाठी हिशेब थोडा वेगळा आहे, कारण जुन्या बाजारात डिझेल आणि पेट्रोलच्या किमतीत फरक कमी असतो आणि वसुली लवकर होते. परंतु दिल्लीकडून स्वस्तात आलेली डिझेल मोटार दिसली तर आधी तिचे वय पाहावे. तेथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २०२५ मध्ये काही सवलत मिळाली, पण दरम्यान अशा गाड्या मोठ्या संख्येने बाहेरच्या राज्यांत विकल्या गेल्या. तेथील आर.टी.ओ.चे ना-हरकत पत्र नसेल तर व्यवहार करू नये, आणि महाराष्ट्रात पुन्हा भरावा लागणारा रस्ता कर किमतीत मिळवूनच बोली करावी.

जुने डिझेल इंजिन पाहायला जाल तेव्हा सकाळी, न सांगता जावे. विकणाऱ्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर ती थंड होईपर्यंत थांबावे. थंड इंजिन एका सेल्फात सुरू झाले पाहिजे. सुरू असताना ऑइलचे झाकण सैल करून पाहावे. तेथून धुराचा भपकारा येत असेल तर पिस्टन-रिंग झिजल्या आहेत. निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो, काळा धूर इंजेक्टरचे किंवा हवेच्या फिल्टरचे काम सुचवतो. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर हेड गॅस्केट तपासून घ्यावे, आणि ओळखीचा मेस्त्री बरोबर नसेल तर त्या दिवशी बयाणा देऊ नये.